बिनपोटाची फुलं

शलाकाच्या भोपळ्याच्या वेलाला महिनाभरात फुलं आली रग्गड आणि भोपळे आले शून्य. सुपारीएवढे हिरवे गोळे दिसायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. सहा वर्षांच्या शलाकानं बी स्वतः पेरलं होतं, त्यामुळे हे तिला अजिबात मान्य नव्हतं.

परसबागेचं पाणी केरबा नावाच्या यंत्रमानवाच्या हाती होतं. साल २०६०. पाणी मोजून मिळायचं आणि केरबाला नियम पाठ होते.

"रविवारपर्यंत एक तरी फळ वाढताना दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर वेल उपटून कोथिंबीर. कोथिंबीर वेळेवर येते."

शलाकाचे डोळे भरले. तिचे आबा निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ (झाडांचा अभ्यास करणारे). त्यांनी माती तपासली, पाणी तपासलं, शेवटी सूर्यावरच्या डागांचा संशय घेतला. मग डोकं चालावं म्हणून रोजच्यासारखी भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्ली.

बुधवारी सकाळी शलाका वेलापाशी उकिडवी बसली होती.

"आबा, फुलांना पोट असतं?"

"नसतं गं."

"ह्याला आहे. बघा ना!"

फुलाखाली तोच हिरवा गोळा होता.

"हां, हे मादी फूल. ते पोट म्हणजे अंडाशय (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग). नर फूल बिनपोटाचं, लांब देठाचं. त्याच्यात परागकण, म्हणजे पिवळी पूड असते. ती मधमाशीच्या अंगाला चिकटते. मधमाशी मादी फुलात शिरली की पूड तिथे लागते. ह्याला म्हणतात परागीभवन. ते झालं तरच पोट वाढतं, नाहीतर गळून पडतं."

"मग बिनपोटाची कुठायत?"

आबांनी वेल न्याहाळला. एकही नव्हतं.

"केरबा! नर फुलं कोण तोडतं?"

"मी. रोज पहाटे. आपलाच हुकूम आहे, 'ज्याला फळ धरत नाही तेच फूल भज्यांना तोड.' आजवर एकशे बारा. सगळी आपण खाल्लीत."

शलाका आबांकडे बघतच राहिली. "तुम्ही सगळे बाबा खाल्लेत?"

चाळीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलेले आबा भज्यांच्या टोपलीकडे धावले.

नशिबानं आजची सात फुलं अजून टोपलीतच होती. आबांनी एकाच्या पाकळ्या काढल्या. मधला पिवळा दांडा शलाकाच्या हातात दिला.

"पोटवाल्या फुलात हलकेच टेकव. हळदीचं बोट लावतात ना, तसं."

गुरुवारी काही दिसलं नाही. शुक्रवारी आबा उगाचच "वाढलंय हं" म्हणाले. शनिवारी ते चष्मा लावून वेलापाशीच बसून राहिले.

रविवारी केरबा कुदळ आणि मोजपट्टी घेऊन आला. सुपारीचं चांगलं लिंबू झालं होतं. त्यानं ते दोनदा मोजलं.

"फळ एक. वेल कायम. कोथिंबीर रद्द."

शलाका केरबाच्या पायालाच बिलगली. आबा पायरीवर बसले.

"शलू, पुढेमागे मंगळावर बागा होतील," ते म्हणाले. "तिथे मधमाश्या नाहीत. असं बोट लावणारं माणूस लागेल."

"मी जाईन," शलाका म्हणाली. "तुम्हीपण या. पण केरबाला न्यायचं. फुलं मोजायला. नाहीतर तुम्ही खाल."