चौथ्या पायाचा मंगळवार

तो दारातून आत आला आणि मी दुधाचं पातेलं घेऊन बाहेर निघाले होते. टक्कर झाली नाही. दूध मात्र त्याच्या बुटावर सांडलं.

"साधारण अर्धा ग्लास," तो खाली बघत म्हणाला.

"पाऊण," मी म्हटलं. मापात मी हार मानत नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर मालाची मोजदाद करते, आणि सकाळी शाळेत पोरांच्या नाश्त्याची. एकशे बारा मुलं, एकशे बारा अंडी, तितकीच केळी. ज्यांचं वजन कमी, त्यांना दुधाचा दुसरा ग्लास. आम्ही सहा जणी, पगार कोणालाच नाही, आणि रजिस्टर माझ्या हातात.

तो वजनकाटे दुरुस्त करणारा निघाला. त्या दिवशी मुलांचं दुसऱ्या महिन्याचं वजन करायचं होतं, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी काटा तपासायला बोलावलेला. त्याने पाच किलोचं माप ठेवलं, पाचच भरलं. काम संपलं. तरी तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि मी एकेक मूल काट्यावर चढवून आकडे लिहीत राहिले. सगळ्यांची वजनं वाढलेली! कोणाचं सातशे ग्रॅम, कोणाचं आठशे. मी हरखून त्याच्याकडे पाहून हसले, वर एक अंडंही सोलून दिलं.

अंडं त्याने फारच सावकाश खाल्लं…

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा हजर. "काट्याचा रबरी पाय बघायला आलोय."

"मागच्या वेळी नाही बघितलात?"

"चार आहेत. एका वेळी एकच बघतो. घाईचं काम मला जमत नाही."

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी ब्रेड कापता कापता म्हणाल्या, "बरं झालं, काट्याला शंभर पाय नाहीत. नाहीतर हा इथेच म्हातारा झाला असता."

माझे कान तापले. पण मंगळवारची वाट मी बघत होते, हेही खरं.

आणि त्याच महिन्यात मी अकरा मुलांचा दुसरा ग्लास बंद केला. वजन वाढलंय, आता गरज नाही. त्यातली एक ठिपकी, गालावर तीळ असलेली सात वर्षांची पोर. तिने ग्लास स्वतःहून परत केला. "ताई, मी आता जड झाले ना?" म्हणून मान ताठ करून गेली.

चौथ्या पायाचा मंगळवार उजाडला. ठिपकी लवकर आली, फाटलेले बूट हातात घेऊन, अनवाणी. नाश्ता व्हायचा होता. गंमत म्हणून ती काट्यावर उभी राहिली. सतरा किलो दोनशे. महिन्यापूर्वी अठरा होती!

"तुमचा काटा बिघडलाय," तो येताच मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने ठिपकीचे बूट काट्यावर ठेवले: साडेतीनशे ग्रॅम. मग ब्रेड, अंडं, केळं आणि दुधाची पिशवी दाखवली.

मी रजिस्टर उघडलं. पहिल्या रकान्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'अनवाणी, नाश्त्याआधी.' दुसऱ्या रकान्यावर काहीच नव्हतं. त्या दिवशी फरशी गार होती, म्हणून बूट राहू दिले. ब्रेड लवकर आला, म्हणून आधी खाऊ घातलं. मी पोरांची नव्हे, बुटांची वाढ लिहून ठेवली होती… आणि तिच्या जोरावर अकरा जणांचं दूध तोडलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

तो काट्याकडे बघत म्हणाला, "पहिल्याच दिवशी. रजिस्टर समोर उघडं होतं. मुलं बुटात होती."

"आणि गप्प बसलात?"

"तुम्ही इतक्या खुशीत होता. म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगू. मग त्याच्या पुढच्या… सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा हसला नसता."

"माझ्या हसण्यासाठी त्या पोरांचं दूध गेलं?"

"हो," तो म्हणाला. त्याने सबब सांगितली नाही. त्यामुळे भांडताही येईना. मीही चौथा पाय मोजत बसले होतेच की.

मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, उद्यापासून गुपचूप दूध सुरू कर. कोणाला कळतंय?"

मोह झाला. खोटं नाही सांगत, रात्रभर झाला. पण शनिवारी पालकांच्या बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले. ठिपकीला शेजारी घेऊन बसलेली तिची आई एवढंच म्हणाली, "महिनाभर ती घरीपण दूध नको म्हणतेय. मी जड झालेय म्हणते." याहून तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागून आवाज आला, "मला दिसलं होतं. मी बोललो नाही. अर्धी चूक माझी." तो दारात उभा होता. त्याला कोणी बोलावलंही नव्हतं.

मुलांची पुन्हा वजनं घेतली, सोमवारी, नाश्त्याआधी. त्याने गुडघे टेकून एकशे बारा मुलांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मान वर करून म्हणाला, "चारही पाय बघून झाले. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

"एका अटीवर या. माझी चूक दिसली की तिथल्या तिथे सांगायची. मी हसत असले तरी."

तो मान हलवून पुन्हा नाड्यांकडे वळला.

शेवटी ठिपकी चढली. सतरा किलो साडेचारशे! मी हसून लिहायला पेन टेकवलं…

"थांबा," तो म्हणाला. या वेळी माझ्याकडे बघून. "तिच्या खिशात केळं आहे."

ठिपकीने केळं काढलं आणि खाली बघितलं. "ताई, तू परवा सगळ्यांसमोर रडलीस ना… म्हणून."

मी तिला जवळ घेतलं. तोंड लपवायला तिचा खांदा फारच लहान होता. तो केळं सोलत राहिला. पहिल्या मंगळवारच्या अंड्यापेक्षाही सावकाश.

"उद्या येऊ?" त्याने विचारलं.

"कशासाठी?"

"काट्यासाठी नाही."

"या," मी म्हटलं, आणि ठिपकीला पुन्हा काट्यावर उभं केलं. सतरा किलो तीनशे. शंभरच ग्रॅम वाढले होते. पण तिचे स्वतःचे.

तिने केळं आधी संपवलं, मग दोन ग्लास दूध.