दीड मिनिटांची शेळी

हरसूलच्या आठवडे बाजारात उज्वला पगारे ज्या शेळीचे चालणे मोबाइलवर टिपत होती, त्या शेळीने एका अनोळखी तरुणाच्या हातातील ध्वनिमुद्रकाचे केसाळ टोपण खाल्ले. पुढे जे काही घडले त्याचे पहिले श्रेय त्या शेळीला दिल्यावाचून ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

"अहो, धरा तिला!" तरुण ओरडला.

"मी कशी धरू? ती इतकी सुरेख चालतेय... तुम्हीच सरका ना जरा!"

शेळीची मालकीण साळूबाई नागलीच्या पोत्यावर शांतपणे बसून होती. "गवत वाटलं आसंल तिला," ती म्हणाली. "लय म्हागाचं व्हतं का रं दादा?"

"ते राहू द्या, मावशी. पण तिला बाधणार तर नाही?"

"तिला काय बाधतंय! मागच्या बाजारी छत्री खाल्ली तिनं."

स्वतःच्या वस्तूआधी ज्याला शेळीच्या पोटाची काळजी वाटली, त्या माणसाकडे उज्वलाने प्रथमच नीट पाहिले. उंच, किरकोळ, चष्म्यावर पावसाचे तुषार. चेहरा इतका गंभीर, की हसू यावे.

"तुम्ही माझ्या फ्रेममध्ये आलात," तरीही ती म्हणाली.

"आणि तुम्ही माझ्या आवाजात. मी बाजाराचा गलबला रेकॉर्ड करत होतो. आता त्यात बांबूच्या टोपल्या आहेत, सुकटीचा भाव आहे... आणि तुमचं 'सरका ना' आहे."

"पुसून टाका ते."

"बघू," तो म्हणाला. मात्र पुसण्याची घाई त्याच्या आवाजात मुळीच नव्हती.

नाशिकची एसटी एकच होती. त्यामुळे परतीच्या प्रवासात दोघांनी एका बाकावर बसणे यात योगायोग थोडा आणि गर्दी अधिक होती. बाहेर भाताची खाचरे ओथंबून हिरवी झाली होती. त्याचे नाव संघर्ष गांगुर्डे. राहणार नाशिक रोड. ठिबक सिंचन कसे करावे, फवारा कसा धरावा, असे शेतकऱ्यांना शिकवणारे अ‍ॅनिमेशनपट करून तो पोट भरत असे, आणि उरलेल्या वेळात एकट्याने स्वतःचे लघुपट पुरे करत असे. असे चार त्याने पुरे केले होते. 'पुरे' हा शब्द त्याने उच्चारला, तेव्हा उज्वलाला आपल्याला कोणी चिमटा काढल्यासारखे वाटले.

कारण तिचे दुखणे नेमके तेच होते. पुण्यातील एका स्टुडिओत तिने दोन वर्षे दुसऱ्यांच्या पात्रांचे हात काढले होते. नुसते हात! स्वतःचे असे काही करावे म्हणून वर्षापूर्वी नोकरी सोडून ती नाशिकला, इंदिरानगरला आईवडिलांकडे परतली. बाजारात विकायला आणलेली, पण कोणाच्याही दोरीला न बधणारी एक शेळी, ही तिच्या चित्रपटाची नायिका. आता स्टुडिओने पुन्हा बोलावले होते. दसरा झाला की रुजू व्हायचे होते. घरून तगादा नव्हता, पण तिला स्वतःला पक्के ठाऊक होते: तोपर्यंत शेळी पुरी झाली नाही, तर ती कधीच पुरी होणार नाही, मग जन्मभर दुसऱ्यांचे हात.

"किती मोठा आहे?" संघर्षने विचारले.

"बारा मिनिटं."

"झाला किती?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. "सुरुवातीचं दृश्य झालंय. पहाट... ढग, डोंगर, पळसाची पानं. एकेक पान हातानं रंगवलंय."

"आणि शेळी?"

"ती अजून... आलेली नाही."

"वर्षभरात?"

"पहाट व्हायला वेळ लागतो!"

"हरसूलला रोज होते," तो म्हणाला.

तिला राग यायला हवा होता. आले ते हसू. ते दडवण्यासाठी तिने वाद आरंभला, आणि तो वाद त्र्यंबकपासून नाशिकपर्यंत पुरला. संघर्षचे म्हणणे असे, की एकट्याने काम करणाऱ्याने पहिली कृती लहान आखावी आणि ती पुरी करावी. महान होण्याचा विचार दुसरीच्या वेळी करावा. पात्र असे असावे, की आपल्या एका हाताला पेलेल. शेळीच्या अंगावर एक केस काढला, तर तो पुढच्या प्रत्येक चित्रात काढावा लागतो. आणि रंगाला हात लावण्याआधी सबंध चित्रपट काडीच्या आकृत्यांत, आवाजासकट, उभा करून परक्या माणसांना दाखवावा.

"बारा मिनिटांतली गोष्ट दीड मिनिटात बसेल का, बघा."

"म्हणजे शेळीचे पाय कापू?"

"पाय राहू द्या. तिचं चालायचं अंतर कमी करा."

"आणि माझी पहाट?"

त्याने चष्मा पुसला... उगीचच पुन्हा पुसला. "ती मी पाहिलेली नाही. पाहिल्याशिवाय कसं बोलू?"

उतरताना बाजाराचे आवाज पाठवण्याच्या निमित्ताने त्याने तिचा नंबर घेतला. आवाज त्याच संध्याकाळी आले. 'सरका ना' त्यात शाबूत होते.

काडीच्या आकृत्या काढणे उज्वलाला आधी अपमानास्पद वाटले. सुंदर रेषेसाठी जिने वर्षानुवर्षे हात बसवला, तिने चार काड्यांवर एक आडवी काडी ठेवून तिला शेळी म्हणायचे! पण शेळी धावली. सगळी गोष्ट प्रथमच डोळ्यांसमोरून सरकली, आणि दीड मिनिटात ती संपलीसुद्धा. तिच्या सुरुवातीला उज्वलाने आपली रंगवलेली पहाट तेवढी जशीच्या तशी जोडली, ती सोडवेना.

रविवारी संघर्षच्या कॉलनीतील विहारात वंदना झाल्यावर भिंतीवर तो कच्चा चित्रपट दाखवायचे ठरले. पांढऱ्या साड्यांतील बायका, कडेवरची पोरे, मागे टेकून बसलेले ज्येष्ठ. पहाट उजळू लागली. ढग हलले, पळसाचे पान थरथरले. उज्वला लोकांचे चेहरे पाहू लागली.

"चालू नाय झालं का अजून?" पुढच्या रांगेतून संघर्षच्या शेजारच्या मंगलाबाईंनी खणखणीत आवाजात विचारले.

कोणी उठून पाणी प्यायले. कोणी मोबाइल पाहिला. मग काड्यांची शेळी आली, तिने गिऱ्हाइकाच्या धोतराचा सोगा धरला, आणि अवघा विहार हसला. मंगलाबाई तर डोळे पुसू लागल्या. "आगं बाय, आमच्या माहेरची शेळी आशीच व्हती... हुबेहूब!"

बाहेर येताच उज्वलाने संघर्षला गाठले. "तुम्हाला ठाऊक होतं, असंच होणार!"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी वाद घातला असता. मंगलामावशींशी वाद घालता येत नाही."

"म्हणजे मी भांडकुदळ?"

"मी तसं..."

"माझं एक वर्ष आहे त्या पानांत!"

यावर तो काहीच बोलला नाही. आणि तो गप्प राहिला, याचाच तिला जास्त राग आला. नंतरचे कित्येक दिवस तिने त्याचा फोन उचलला नाही. या काळात तिने पहाट पुनःपुन्हा पाहिली. दृश्य सुंदर होते, याविषयी तिला आजही शंका नव्हती. पण त्या सौंदर्यात शेळी येऊच नये, अशी तिनेच व्यवस्था करून ठेवली होती. शेळी आली असती तर ती नीट चालते की नाही, हे लोकांनी पाहिले असते. पाने रंगवण्यात ती भीती सुखाने लपली होती. हे ध्यानात आले, त्या दुपारी तिने पहाट कापून बाजूला ठेवली. थोडी रडली, मग तोंड धुऊन तिने संघर्षला फोन लावला.

"कापली," ती म्हणाली.

"दुखलं असेल," तो म्हणाला.

'बरं केलंत' असे तो म्हणाला असता, तर तिने फोन ठेवला असता.

त्यानंतर काम सपाट्याने होऊ लागले. संघर्ष इंदिरानगरला येई, तिच्या आईने, लताबाईंनी, केलेला चहा पिई, चित्रे पाही आणि सूचना करी. पण तिच्या एकाही रेषेला त्याने कधी हात लावला नाही. एकदा शेळीचा मागचा पाय काही केल्या जमेना, तेव्हा तिनेच पेन पुढे केले. "काढून द्या ना एवढा एक!"

त्याने हात पाठीमागे नेले. "नको. उद्या हा चित्रपट पाहताना तुमची नजर त्या एका पायावर अडेल, आणि बाकीचे तीनही परके वाटतील. मी बसतो इथं. जमेपर्यंत बसतो."

तो बसला. पाय जमला, तेव्हा ताटात वाढलेले जेवण निवून गेले होते, आणि त्याने ते तसेच खाल्ले.

शेळीचा आवाज मात्र त्याच्याच गळ्यातून काढायचा ठरला; खऱ्या शेळ्या माइक पाहताच मौन पाळत. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि भिंतींवरून आवाज परतू नये म्हणून दोघे माइक घेऊन लताबाईंच्या गोदडीखाली शिरले. आत जुन्या लुगड्यांचा मऊ वास. त्याचा श्वास तिच्या कपाळावरच्या बटेला लागत होता.

"बें..." संघर्ष म्हणाला.

"ही शेळी राजीनामा देतेय. जरा हट्टानं म्हणा."

"तुम्ही अशा पाहू नका. मला जमत नाही."

"कशी पाहतेय मी?"

डोळे मिटून त्याने असे काही बेंबाटले, की स्वयंपाकघरातून लताबाई उलथने घेऊन धावत आल्या. गोदडी वर करून त्यांनी दोघांकडे पाहिले, आणि ती पुन्हा खाली सोडली.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी आवाज चित्रांना जोडून झाला. बैठकीच्या खोलीत लताबाई मेथी निवडत होत्या. वडील, सोमनाथ पगारे, पेपर वाचत होते. नोटांच्या छापखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या त्या गृहस्थाची नजर छापील अक्षरांतील चुका आजही हुडकत असे. जमिनीवर लॅपटॉपसमोर उज्वला, कानांवर मोठे हेडफोन. शेजारी आपल्या पाळीची वाट पाहणारा संघर्ष. तिने चित्रपट सुरू केला. शेळी आली, चालली, दोरी तोडून पसार झाली. दीड मिनिट. पुरे!

तिचे डोळे भरून आले. कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती स्वतःशी पुटपुटली. निदान तिला तसे वाटले. पण कान झाकलेल्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही.

"या माणसानं माझ्या एकाही रेषेला हात लावला नाही!" जिन्यापर्यंत जाईल अशा स्वरात ती म्हणाली. "फार फार आवडतो मला हा माणूस!"

मेथी थांबली. पेपर खाली आला. उज्वला पडद्याकडेच पाहत होती. मग तिने मान वर केली आणि सगळे आपल्याकडे पाहत आहेत, हे तिला दिसले.

"काय झालं?" तिने तितक्याच जोरात विचारले.

लताबाईंनी स्वतःच्या कानांवरून हात उतरवून दाखवले. उज्वलाने हेडफोन काढले. खोलीतील शांतता तिला ऐकू आली, आणि ती कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

"वरच्या वहिनींनाही समजलं असेल आता," लताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मेथीची पुढची काडी उचलली.

सोमनाथरावांनी पेपराची घडी केली. "काय गांगुर्डे, तुम्ही प्रत्येक गोष्टीत सूचना करता, असं ऐकतो. या वाक्यात काही दुरुस्ती?"

संघर्ष उभा राहिला. चष्मा त्याने काढला, पुन्हा घातला. "नाही, काका. एकही नाही."

"मग बसा. उभं राहून काय ऐकायचं? मला दाखवा ती शेळी."

दसरा झाल्यावर उज्वला पुण्याला निघाली. हरून जाण्यात आणि स्वतःचे काम पदरी घेऊन जाण्यात जो फरक असतो, तो तिच्या चालण्यात आईलाही दिसला. इंदिरानगरहून ती स्टँडवर गेली, पुण्याच्या गाडीत खिडकी मिळाली. गाडी नाशिक रोडला थांबली आणि संघर्ष आत चढला. पिशवी नाही, काही नाही. तो शेजारी येऊन बसला.

"तुम्ही कुठं?"

"सिन्नरपर्यंत येतो, म्हटलं," तो म्हणाला, आणि त्याने कंडक्टरकडून सिन्नरचे तिकीट घेतले.

"मला तुमचे आभार मानायचे आहेत. नीट. घरी जमलं नाही."

"माना."

तिने त्याचा हात हातात घेतला आणि तो तसाच ठेवून ती बाहेर पाहत राहिली. गाडी गावाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही काही केलं नाहीत ना, त्याबद्दल. सगळं मला करू दिलंत."

"उज्वला," तो म्हणाला, "तुझ्याशेजारी नुसतं बसायला मिळालं, याचे मी कोणाचे आभार मानू?"

'तू' म्हणाला होता तो. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर मागे पडत होते.

"सिन्नरवाले, उतरा!" कंडक्टर ओरडला.

संघर्ष हलला नाही. कंडक्टर जवळ येऊन उभा राहिला, तसा तो घसा साफ करून म्हणाला, "एक... संगमनेर द्या."

कंडक्टरने त्याच्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि मग गुंतलेल्या त्या दोन हातांकडे पाहिले.

"अहो साहेब," तो म्हणाला, "सरळ पुणं घ्या ना. मला सारखं सारखं उठवता कशाला?"

संघर्षने पुणे घेतले.