कारभारीनं खाली आणलेला पाट

रविवार, २३ नोव्हेंबर १९९७. संगमनेर. रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी लाईट गेली आणि नेहमीप्रमाणे आम्ही जिन्यात येऊन बसलो. मी, मांडीवर सव्वादोन महिन्यांची लेक. समोरच्या फ्लॅटमधली शुभांगी. आणि वरच्या पायरीवर राधाकृष्णकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

विषय मीच काढला. आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती, पोपडे सुटत होते, आणि मला दिवसरात्र एकच दिसत होतं: पोपडा नेमका लेकीच्या टाळूवर पडतोय. मी एम.एस्सी. झालेली बाई. पण लेकीला न्हाऊ घालायला अजून बाई लागते, हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

"गवंडी चांगला बघा," काका म्हणाले. "आणि वरच्या घरातली कुठली वस्तू खाली आणू देऊ नका."

"झालं सुरू," शुभांगी म्हणाली. "काका, तुमच्या भुतांना लाईट गेल्याशिवाय सुचतच नाही का?"

"भूत मी म्हटलेलं नाही. कारभारी गवंडी माझ्या ओळखीचा, बेलापूरचा. आमच्या घराचा गिलावा त्याच्याच हातचा. त्यानं सांगितलं ते सांगतो. नको असेल तर राहू दे."

मी 'नको' म्हणायला हवं होतं.

गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातली, काका सांगू लागले. श्रीरामपुरात एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर विजयमाला नावाची बाई राहायची. नवरा साखर कारखान्यात, त्या आठवड्यात दुसरी पाळी. मुलगा दीड महिन्याचा. बाथरूमचं छत गळायचं, पण रोज संध्याकाळी साडेसातलाच. पंधरा-वीस मिनिटं. मग बंद.

कारभारी गेला तो दोन दिवसांचं काम म्हणून. आधी पाणी कुठून येतं ते बघायचं, मगच छताला हात लावायचा, ही त्याची रीत. वरचा फ्लॅट वर्षभर बंद होता. मालकाकडून किल्ली आणून त्यानं उघडला. बाथरूम ठणठणीत कोरडं. नळाला कोळिष्टकं. गच्चीवरच्या टाकीचा कॉकसुद्धा बंद. फरशीवर धूळ, आणि मधोमध एक लाकडी पाट मांडलेला.

संध्याकाळी त्यानं खाली थांबून ठिबकणारं पाणी तळहातावर घेतलं. कोमट होतं.

"टाकीत तापत असंल उन्हानं," तो म्हणाला.

"डिसेंबरात?" विजयमालानं विचारलं.

"सिमिट बी गरम असतंय, ताई." म्हणाला खरा. पटलं त्यालाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुटलेला गिलावा पाडला, गंजलेल्या गजांना तारेचा ब्रश मारला, नवा गिलावा चढवला. पिंपावर उभं राहूनही हात चार बोटं कमी पडत होता. म्हणून वरचा तो पाट आणला, पिंपावर ठेवला, त्यावर उभा राहिला. काम झाल्यावर माणूस नीटनेटका म्हणून पाट धुतला आणि वाळायला तिथंच फरशीवर मांडून ठेवला. इतकंच केलं त्यानं.

"साडेसातला येऊन बघतो, गळतंय का," असं सांगून गेला.

सोमवार, बारा डिसेंबर. साडेसातला पाच मिनिटं कमी. लाईट गेली. विजयमाला चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती. बाळ आतल्या खोलीत, पाळण्यात. पुढचं दार नुसतं लोटलेलं.

बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. तांब्या बुडवून ओतल्यासारखा. एक तांब्या. जरा थांबून दुसरा.

"कारभारी, आलात का?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं. "गिलाव्यावर आजच पाणी मारायचं असतं का हो?"

तिसरा तांब्या.

"बॅटरी खिडकीत आहे बघा."

चौथा. आणि त्यामागं, अगदी हळू... हं... हं... रडत्या लेकराला गप्प करताना बाया करतात तसं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

"ताई, मी हाय. कारभारी. गळलं का वो?"

इथं काका थांबले.

विजयमाला उठली. हात पिठाचे. आतल्या खोलीत गेली. पाळणा हलत होता. पाळण्यात कुणी नव्हतं.

बाथरूमचं दार ओढलेलं. फटीतून वाफ. आतलं पाणी थांबलेलं. कारभारीनं बॅटरी धरली. तिनं दार ढकललं.

माणूस कुणी नाही.

बाळ पाटावर. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. जावळ ओलं. डोळे मिटलेले...

"श्वास?" मी विचारलं. माझा हात लेकीच्या छातीवर होता.

"झोपलं होतं," काका म्हणाले. "न्हाल्यावर झोपतात तसं. गाढ."

नळ बंद होता. बादली कोपऱ्यात उपडी, आतून कोरडी. वर नवा गिलावा, त्यालाही थेंब नाही.

कारभारीनं खालच्या मजल्यावरच्या कडूबाईला बोलावून आणलं. बिल्डिंगमधली तान्ही पोरं तीच न्हाऊ घालायची. ती बाथरूमच्या उंबऱ्यातच थबकली.

"ह्यो पाट खाली कुनी आनला?"

"म्या," कारभारी म्हणाला. "उभं ऱ्हायाला."

"वरच्या सीमाचा हाय त्यो. लेकराला न्हाऊ घालाया लई भ्यायची. म्हनायची, मावशी, हातातनं निसटंल. रोज सांजंला नळ आला का मी जायची, शिकवायची. कसाबसा हात बसला तिचा, अन् चार दिसात लेकरू गेलं. दीड म्हैन्याचं. मंग तीबी ऱ्हायली न्हाई."

तिनं बोटानं वर, छताकडं दाखवलं.

"वर तिचं ती घालत हुती न्हाऊ," कडूबाई म्हणाली. "तुमी पाट हितं मांडला. आता लेकरू हितलंच घेनार ना."

कारभारीनं पाट उचलला. वर नेला. धुळीत त्याची जागा दिसत होती, बरोबर तिथंच मांडला. खाली येतोय तोवर... टप. टप. त्याच्याच हातच्या नव्या गिलाव्यातून.

आयुष्यात पहिल्यांदा, कारभारी म्हणायचा, माझं काम फुकट गेलेलं बघून मला बरं वाटलं. विजयमाला बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. "गळू द्या," म्हणाली. "आता छताला हात लावू नका."

मग बॅटरीचा झोत छतावरून खाली आला, आणि त्याला फरशी दिसली. शहाबादी फरशी, सगळी ओली. पाट होता तिथून पुढं मात्र दोन लांब पट्टे कोरडे. शेजारी शेजारी. पाय पसरून बसलेल्या बाईच्या मांडीपासून टाचेपर्यंत जेवढे असतील, तेवढे.

सकाळी सगळी फरशी वाळली. ते दोन पट्टे तेवढे ओले झाले होते.

माझ्या मांडीवर लेक झोपेत हलली. मी उगाचच तिचे पाय चाचपले, दोन्ही.

"मग वाळले कधी?" शुभांगीनं विचारलं.

"विजयमाला लेकराला घेऊन आठवड्यात घर सोडून गेली. फ्लॅट बंदच आहे." काका कठडा धरून उठले. "यंदा मे महिन्यात त्या फ्लॅटच्या मालकानं कारभारीला बोलावलं होतं, खिडकीच्या कामाला. बेचाळीस डिग्री ऊन. तो बाथरूममध्ये डोकावला."

"वाळले होते?"

"ओलेच होते..."

काका दोन पायऱ्या चढले. तिसरीवर थांबले.

"फक्त तिथं नव्हते. वीतभर दाराकडं सरकले होते."