दोरीचं दुसरं टोक

भट्टीतून निघालेला पहिला केक आजीने नातीच्या हातातून काढून घेतला! पहिला केक घरच्या लेकराचा, हा रिवाज तिनेच पाडलेला... आणि आज मोडलाही तिनेच.

"आई, पोरीच्या तोंडचा घास काढतेस?" मुलगा कडाडला. "खात्यापित्या घरची आहे ती!"

"जिना चढताना धापा टाकते, ते ऐकू येत नाही वाटतं तुला!"

"तू माझी आजीच नाहीस!" नात हुंदके देत ओरडली.

काळीज चिरलं म्हातारीचं, पण तिने केक उचलून घराखालच्या आपल्या दुकानात नेला. काय सांगणार? दुकानाच्या खिडकीतून ती रोज बघायची... गल्लीतल्या मुली दोरीवर उड्या मारायच्या आणि नातीच्या हाती कायम दोरीचं टोक! सगळ्यांसाठी फिरवायची, हिची पाळी कधी यायचीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पोरीला उपाशी ठेवू नका, अख्ख्या घराचं ताट बदला." मग केक खाली गिऱ्हाइकांपुरते उरले; वर सगळ्यांना भाजी, डाळ, अंडं, फळ. जन्माची गोडघाशी म्हातारी, पण तिने बिनसाखरेचा चहासुद्धा हसत गिळला! दुपारी पिठाच्या कोठीत दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायची, दुसरं स्वतः फिरवायची. नात आधी फुगून बसली, मग चुळबुळली, मग उठली... आजीचा खांदा ठणकायचा, पण तिने कोणाला कळू दिलं तर शपथ!

आणि एका संध्याकाळी गल्लीत नातीने दोरीचं टोक खाली टाकलं. "आज माझी पाळी!"

पलीकडच्या मुलीनेही आपलं टोक सोडलं. टोक उचलायला कोणी पुढे येईना. तशी आजी पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि तिने नातीचं टोक उचललं. दुसरा हात आपसूक दुखऱ्या खांद्यावर गेला... दारातल्या मुलाने ते पाहिलं, आणि कोठीतल्या गजाला बांधलेल्या दोरीचा अर्थ त्याला तेव्हा उमगला!

"आई, हा खांदा... मला का नाही सांगितलंस गं?" त्याचे डोळे भरून आले.

"तू ऐकणारा होतास का? रडतोस काय, धर ते दुसरं टोक!"

दोरी फिरली. नात अडखळली, स्वतःच खुदकन हसली, पुन्हा आत शिरली... आणि उडाली! उडतच राहिली! गल्ली टाळ्यांनी दणाणली. लालबुंद चेहऱ्याने तिने आजीला घट्ट मिठी मारली.

"आजी, आता तुझी पाळी!"

"थांब गं बये," डोळे पुसत म्हातारी म्हणाली, "आधी तुझ्या बापाची. खात्यापित्या घरचा आहे तो!"