पहिली ओ

श्रावणातली दुपार होती. पण खंडाळ्यात धुके उतरले, की दुपार आणि तिन्हीसांज यांतला फरक काय तो घड्याळालाच कळतो. अनघाने जिन्याखालच्या कोनाड्यात बैठक मारली होती. मांडीवर लॅपटॉप होता, बाजूला फोन, आणि समोरच्या फळीवर घराच्या फायरवॉलची चपटी काळी पेटी. पेटीवरचे हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. काम तसे किरकोळ होते. घरातल्या काही यंत्रांना या पेटीकडून इंटरनेटचा पत्ता मिळत नव्हता, आणि तो का मिळत नाही हे शोधायचे होते. हिंजवडीच्या ऑफिसात असली कामे ती चहा पिता पिता उरकत असे.

आज मात्र तिचे लक्ष पुन्हा पुन्हा मागच्या दाराकडे जात होते. त्याचे कारण आबा.

आबा, म्हणजे तिचे वडील सखाराम, सारी हयात रेल्वेच्या घाटात गँगमन होते. रुळांवरून चालायचे, बोल्ट ठोकून पाहायचे, पावसात दरड कोसळली की फावडे घेऊन धावायचे. निवृत्तीनंतर पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना झोप लागेना. गाडीला घाट चढवणाऱ्या इंजिनांचा आवाज कानावर पडला, तरच त्यांना स्वस्थ वाटे. म्हणून तिने घाटाच्या कडेला हे घर घेतले, आणि त्याच सुमारास आबांची स्मृती झिजू लागली. गेल्या वर्षभरात त्यांनी लेकीला कधी 'बाय' म्हटले, कधी 'वैनी'. तिचे नाव काही त्यांच्या जिभेवर परत आले नाही.

तेही तिने सोसले असते. पण घराच्या परसाला तारेचे कुंपण होते आणि कुंपणापलीकडे दरी. आषाढात आबा एकदा मागच्या दाराने निघून थेट त्या तारेपर्यंत पोहोचले होते. घरकामाला येणाऱ्या सरूबाईंनी सदऱ्याला धरून मागे ओढले, म्हणून वाचले. त्यानंतर अनघाने मागच्या दाराला एक घंटा बसवली. दार उघडले की ती फोनवर वाजे. कुंपणाजवळ कॅमेरा लावला, आणि आबांच्या मनगटावर एक पट्टा बांधला. ते कुठे आहेत, हे तो दाखवी. सकाळपासून ही सगळी यंत्रे मुकी झाली होती. आबा जेवणानंतर दारापाशी जाऊन उभे राहिले, त्यांनी कडी काढून दार उघडले, तरी घंटेने हूं की चूं केले नव्हते.

"मॅडम, बंद करून चालू केलंत का?" फोनवर आरिफ होता. देहूरोडला राहणारा, ऑफिसात तिच्या हाताखाली काम करणारा.

"मला काय नवशिकी समजतोस?"

"नाही हो. पण आमच्या अम्मीचा फ्रिजसुद्धा त्याच मंत्राने सुरू होतो."

अनघाला हसू आले. तेवढ्यात मागच्या बाजूने हाक आली.

"अनघाऽ..."

"ओ! आले, आले," मान वर न करताच तिने ओ दिली आणि आबांच्या पट्ट्याची नोंद पडद्यावर उघडली. पुन्हा हाक आली नाही, म्हणून ती उठलीही नाही.

"आरिफ, गंमत बघ. पट्ट्याला पत्ता मिळालेला आहे. पण तो माझ्या पेटीने दिलेला नाही. माझ्या पेटीचे सगळे पत्ते दहाने सुरू होतात. हा एकशे बहात्तरने सुरू होतो."

"एकशे एकोणसत्तर नाही ना? कोणीच उत्तर दिलं नाही, तर यंत्र स्वतःच एक पत्ता घेतं. तो एकशे एकोणसत्तरने सुरू होतो."

"नाही. बहात्तर."

"मग कोणीतरी उत्तर दिलंय, मॅडम. तुमच्या पेटीच्या आधी."

यात तिला नवे काही नव्हते. यंत्र जागे झाले, की घरभर एक हाक मारते: कोणी आहे का, मला पत्ता द्या. ती हाक घरातल्या प्रत्येकाला ऐकू जाते. पत्ते देण्याचे काम पेटीचे, म्हणून पेटी ओ देते. पण दुसऱ्या कोणी आधी ओ दिली, तर यंत्र बिचारे त्याचेच होऊन बसते. त्याला खरेखोटे कळत नाही. त्याला फक्त पहिली ओ कळते.

"जुना राउटर असेल कुठेतरी," आरिफ म्हणाला.

जुना राउटर कपाटात होता. वायर गुंडाळून, पिशवीत घालून ठेवलेला. सरूबाईंचा मोबाइल तिने बंद करायला लावला. टीव्ही बंद केला, वायफाय बंद केले. पेटीला लावलेल्या वायरी एकेक करून उपटल्या. त्या अनोळखी उत्तर देणाऱ्याला तिने लॅपटॉपवरून एकसारखे विचारणे चालू ठेवले होते: आहेस का? आहेस का? आणि पडद्यावर, एकाखाली एक, उत्तरांच्या ओळी उमटत होत्या. आहे. आहे. आहे.

"किती वेळात उत्तर येतंय?"

"वेळच लागत नाहीये... खोलीतच असल्यासारखं."

आता एकच वायर उरली होती, लॅपटॉपपासून पेटीपर्यंतची. तिने तीही ओढली. बारीकसा 'टक्' आवाज झाला. वायरीचे मोकळे टोक तिच्या हातात होते.

पडद्यावर ओळी येतच राहिल्या.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही..." ती म्हणाली. खिडकीच्या फटीतून धुक्याचा ओलसर वास आत येत होता. कुजलेल्या पाल्याचा, आणि त्याच्यामागे लोखंडाच्या गंजाचा. दूर बोगद्यापाशी एक गाडी थांबली असावी. तिचा भोंगा वाजला आणि मध्येच कोणी तोंडावर हात ठेवावा तसा विझला.

सरूबाई पदराला हात पुसत आल्या. पवनानगरकडच्या गावातून त्या रोज जीपने येत. हातात मोकळी वायर धरून बसलेल्या अनघाकडे त्यांनी पाहिले.

"काय घावना का वो, ताई?"

"दुसरंच कोणीतरी ओ देतंय, सरूबाई. आपल्या पेटीच्या आधी."

त्यांना यातले काय उमगले कोण जाणे. पण त्यांचा चेहरा पडला. "धुक्यात पयल्या हाकंला ओ द्यायची नसती, ताई. तीनदा हाक आली, तरच मानूस. आमी तर घरात बी बोलत न्हाई, हाक आली तर."

"ते माणसांचं झालं. ही यंत्रं आहेत."

"नाव कुनी घेतलं?"

हा आवाज आबांचा होता. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते; पाठ ताठ, नजर धुक्यात. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा असा खणखणीत स्वर तिने ऐकला नव्हता.

"कोणाचं नाव, आबा?"

"धुक्यात नाव घ्यायचं न्हाई. बिल्ला सांगायचा. मुकादम बोगद्याच्या तोंडाशी हुबा ऱ्हायचा आन् नुसता बिल्ला पुकारायचा. 'अकरा!' म्हनला, की अकरानं म्हनायचं, 'हाय!' नाव न्हाई घ्यायचं. दरीला नावं ऐकू जात्यात." ते थांबले. "गेणू नवा व्हता, बिल्ला अकरा. त्याला हाक आली. नावानं. त्यानं ओ दिली..."

"मग? पडला का दरीत?"

"पडतोय कशाला? मुकादमानं 'अकरा' पुकारलं, आन् 'हाय' म्हनून आवाज आला. दरीकडनं. पर आला ना? मुकादम म्हनला, आवाज आला, मानूस हजर. रोज यायचा आवाज. गेणू मातर कुनाला दिसंना." आबांनी आपल्या उजव्या खांद्याला हात लावला. "माझ्या मागनं कुनीतरी खांदा धरायचं. घट. मला समजायचं, ह्यो गेणूच. पर बिल्ला पुकारल्याबिगर मी वळू कसा?"

सरूबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अनघा पडद्याकडे पाहत राहिली. तिच्या मनात एक विचार आला, आणि तो इतका खुळा होता, की आरिफला विचारताना तिला संकोच वाटला.

"आरिफ... यंत्र पत्ता मागतं, तेव्हा आपलं नावही सांगतं ना?"

"सांगतं की. घरभर ओरडूनच सांगतं. का?"

पट्टा बांधला त्या दिवशी त्याने नाव विचारले होते. कंपनीने दिलेले लांबलचक अक्षर-आकड्यांचे नाव तिला आवडले नव्हते. तिने ते खोडून, हौसेने, 'सखाराम' असे घातले होते. तेव्हापासून तो पट्टा त्या घरात, दरीच्या तोंडाशी, धुके असो वा नसो, जेव्हा जेव्हा पत्ता मागे तेव्हा तेव्हा आबांच्या नावाची हाक मारत होता. मागचे दार आणि कॅमेरा यांनाही तिने अशीच नावे दिली होती: 'सखाराम-दार', 'सखाराम-कुंपण'.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तुमचा बिल्ला कोणता?"

"चौदा," आबा तत्काळ म्हणाले. ज्यांना सकाळचा नाश्ता आठवत नव्हता, त्यांना बिल्ला आठवत होता.

तिने वायफाय सुरू केले, वायरी परत लावल्या. पेटीच्या सेटिंगच्या पानावर जाऊन तिने पट्ट्यासाठी एक पत्ता राखून ठेवला, शेवटी चौदा. पट्ट्याचे नाव खोडले आणि तिथेही 'चौदा' एवढेच लिहिले. दार आणि कॅमेरा यांची नावे पुसून नुसते आकडे घातले. मग एकेक यंत्र बंद करून चालू केले, आणि वाट पाहिली.

पट्टा उठला. त्याने हाक मारली. पडद्यावर दहाने सुरू होणारा पत्ता उमटला, शेवटी चौदा. मग दार आले, कॅमेरा आला. फोनवर कुंपणाचे चित्र दिसू लागले: ओली तार, धुके, बाकी काही नाही. तिने उठून मागचे दार किलकिले करून पाहिले. फोनवर घंटा खणखणली. तिने दार लावले, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. आबा वाचले होते.

"झालं, आरिफ! सगळे परत आले."

"सगळे नाहीत, मॅडम. तुम्ही मघाशी मला पेटीचं पान बघायला परवानगी दिलीत ना, तेच बघतोय. एक यंत्र अजून त्या दुसऱ्याच्याच पत्त्यावर आहे." तो घुटमळला. "तुमचा लॅपटॉप. नाव काय ठेवलंय त्याचं?"

लॅपटॉपला तिने आपले स्वतःचेच नाव दिले होते.

"आणि मॅडम... एक विचारू? मघाशी मी फ्रिजचं बोललो, तेव्हा तुम्ही मध्येच 'ओ, आले, आले' म्हणालात. कोणाला म्हणालात? मला हाक ऐकूच आली नाही. तुमची ओ तेवढी ऐकली."

ती कोनाड्यातल्या लॅपटॉपपाशी परत गेली. या घरात सरूबाई तिला ताई म्हणत. आरिफ मॅडम म्हणे. आबांना तर तिचे नाव आठवतच नव्हते.

"आरिफ," ती म्हणाली, "मला मागच्या बाजूने..."

"हॅलो? मॅडम?"

"आरिफ, ऐक!"

"हॅलो... हॅलो... आवाज येत नाहीये. कट झाला वाटतं." आणि फोन खरोखरच बंद झाला.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. सरूबाईंनी रोजच्यासारखी हाक मारली. "ताई, च्या गाळू का?"

अनघाने तोंड उघडले. पण तिच्या ओठांतून शब्द फुटण्याच्या आत, मागच्या परसातून, बंद दारापलीकडच्या धुक्यातून, तिचाच आवाज आला.

"ओ! आले, आले."

"या, या. गार व्हईल," सरूबाई निर्धास्तपणे म्हणाल्या, आणि कपात चहा पडल्याचा आवाज झाला.

अनघा ओरडली. तिने सरूबाईंना हाक मारली, दोनदा, तीनदा. गाळणी आपटल्याचा आवाज आला. सरूबाई काही बाहेर आल्या नाहीत. मग तिच्या हातातल्या फोनवर घंटा वाजली. नुकतीच दुरुस्त केलेली, अगदी स्पष्ट. मागच्या दाराची कडी आपोआप खाली पडली होती, आणि दार उघडत होते.

आबा खुर्चीतून उठले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर एखाद्या मुलाला व्हावा तसा आनंद पसरला.

"अनघा आली," ते म्हणाले.

वर्षानंतर प्रथमच त्यांनी तिचे नाव घेतले होते, दाराकडे पाहून. धुके उंबरठा ओलांडून आत आले आणि आबांनी त्याच्या दिशेने पाऊल टाकले. अनघा धावली. तिने मागून त्यांचा उजवा खांदा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आबा, मी इथे आहे. ती मी नाही. आबा, वळून बघा!"

आबा थबकले. त्यांनी मान वळवली नाही. डाव्या हाताने त्यांनी खांद्यावरची तिची बोटे मायेने थोपटली आणि एकेक करून सोडवली.

"आता तरी सोड मर्दा, गेणू," ते हळूच म्हणाले. "माझी लेक हाक मारतीया."