अलर्ट आला की सुबोध येतो

बर्फाच्या कारखान्यात घामाने निथळणारा माणूस भाविकाने पहिल्यांदाच पाहिला. वेसाव्याच्या गल्ल्यांत पत्ता शोधून सुबोध पार दमला होता. खरं तर यायचा होता त्याचा सहकारी हर्षद. तो तापाने आडवा पडला, म्हणून साकीनाक्याच्या सेन्सर कंपनीने याला पिटाळलं. भाविकाच्या बाबांच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या पाइपवर वायरलेस सेन्सर बसवायचा होता.

"गॅसचं प्रेशर पंधराच्या वर गेलं, की तुमच्या, बाबांच्या आणि माझ्या फोनवर अलर्ट येईल."

"आणि मग?"

"मग... मी येईन ना."

बोलला एवढंच, पण असा बघत बोलला, की भाविकाचा जीव तिथेच अडकला.

त्यानंतर अलर्ट यायलाच लागले. सुबोध धावत यायचा, पाइप तपासायचा, मशीन ठणठणीत निघायचं. मग भाविकाच्या हातचा चहा... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो गेला की ती दिवसभर त्याच्याच विचारात. गिऱ्हाइकाने बर्फाच्या दोन लाद्या मागितल्या तर तीन द्यायची.

त्या बुधवारी मात्र चहा तसाच ठेवून तो फोनमधली सेटिंग बघत राहिला.

"लिमिट बारावर कोणी आणलं गं? मशीन चालू होताना बारा तर रोजच होतं."

भाविका ओढणीशी चाळा करू लागली.

"बाकीचे लोक लिमिट वाढव म्हणून डोकं खातात. खाली आणणारी तू पहिलीच!"

"मग? कळलं ना, कशाला आणलं?"

तो गालात हसला, पण लगेच गंभीर झाला. "मघाशी बाबांचा फोन वाजत होता. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रोजचंच झालंय त्यांना. उद्या खरंच प्रेशर चढून पाइप फुटला तर, भाविका?"

बाबा दिवसभर त्या कॉम्प्रेसरपाशीच खुर्ची टाकून बसायचे. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने स्वतःच फोन हातात घेतला आणि बाराचे पंधरा केले.

"खाली अजून एक अट आहे," तो हळूच म्हणाला. "प्रेशर सलग एक मिनिट वर राहिलं, तरच अलर्ट. म्हणजे उगाच वाजणार नाही."

तिने तेही टाकलं. आता महिनोन्‌महिने काही वाजणार नव्हतं. त्यात पुढच्या आठवड्यापासून इकडची कामं पुन्हा हर्षदकडे जाणार, हे त्यानेच सांगितलं होतं.

"चल... निघतो," सुबोध म्हणाला. पण पाय काही हलेना.

"सुबोध—" तिने डोळे मिटून बोलून टाकलं, "काही बिघडलं नाही तरी ये ना रे. मशीनसाठी नको, माझ्यासाठी ये. तू दिसला नाहीस की मला काही सुचत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला काय सुचतं? वाकोल्याला घरी बसून फोनकडे बघत असतो, कधी वाजतोय म्हणून... रविवारी येऊ?"

"ये."

"बाबा विचारतील, कशाला आलास. काय सांगू?"

"खरं ते सांग."

तो मान डोलावून गेला. भाविका दारात उभी राहून रिकाम्या गल्लीकडे बघत राहिली. रविवार इतका लांब तिला आजवर कधीच वाटला नव्हता.