टाकीचं झाकण

दिवा राहू द्या, पण ते मोबाईल ठेवा रे खाली. सांगतो ती ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही.

साडू नळकाम करतो. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आवाज खणखणीत. पण अंधाराला असा टरकतो की रात्री मोरीत जायलाही बायकोला उठवतो. गेल्या मार्चमधला पहिला शुक्रवार. एका इमारतीची जमिनीखालची टाकी धुवायची होती. रहिवासी झोपल्यावर ती रिकामी करायची आणि पहाटे पाणी सुटायच्या आत काम उरकायचं. मोबाईल स्कूटरच्या डिकीत ठेवून, बॅटरी घेऊन साडू शिडीने उतरला आणि मधल्या भिंतीपलीकडच्या कप्प्यात गाळ खरवडू लागला.

इकडे वर रखवालदार आला. खाली माणूस आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भारी काळजीवाहू गडी! "कुणी पडलं-बिडलं तर?" म्हणत त्याने लोखंडी झाकण लावलं, वर स्वतःची मोटारसायकल उभी केली आणि जाऊन झोपला. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

साडूने शिडीपाशी धाव घेऊन हाका मारल्या. वर कुणाला ऐकू गेल्या नाहीत. झाकण तसूभरही हललं नाही. पाणी सुटलं की ती टाकी छतापर्यंत भरते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तेवढ्यात बॅटरी मंदावली आणि विझली.

अंधारात आवाज आला. खर्र... खर्र...

ब्रश त्याच्याच हातात होता. हात थांबलेला होता.

आधीचा सफाईवाला ह्याच टाकीत कोंडून मेला, असं लोक म्हणत. साडूने ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू कुठलं?

खर्र... जवळ आलं.

"प्रभू, मला वाचव... मला..."

तो मागे मागे सरकत गेला. पाठ भिंतीला टेकली. सरकायला जागा नाही.

खर्र... अगदी पायाशी. मग थांबलं.

आणि कुणीतरी हुंदका दिला.

साडू म्हणतो, त्या हुंदक्यासरशी त्याला त्या सफाईवाल्याची कीवच आली. हाही आपल्यासारखाच अडकलेला! ह्याच्यासाठी झाकण उघडायला कुणी आलंच नाही. मेलेल्यालाही हाक मारणारा येशू ह्याला वाऱ्यावर सोडेल होय?

"बाबा रे," तो म्हणाला, "घाबरू नकोस. मीपण घाबरलोय. ये, गुडघे टेक. दोघं मिळून मागू."

...

शेजारी गार वाटलं. साडू गुडघ्यांवर बसला आणि मोठ्याने प्रार्थना करू लागला. आधी त्याच्यासाठी, मग स्वतःसाठी. नळात घरघर सुरू झाली. पाणी यायच्या बेतात होतं. त्याचा आवाज कापला नाही.

वर मोटारसायकल सरकली. झाकण उघडलं.

"अरे देवा! खाली माणूस?" रखवालदार ओरडला. प्रार्थनेच्या आवाजाने त्याला जाग आली होती.

साडू वर आला. रखवालदाराची बॅटरी घेऊन त्याने वाकून आत पाहिलं.

पाणी अजून पडलं नव्हतं. गाळात गुडघ्यांचे ठसे होते. त्याचे दोन.

आणि त्यांना लागून... आणखी दोन.